टाळी कीं ठराव ?

दरवर्षीं ऑगस्टची पहिली तारीख उजाडली कीं महाराष्ट्रांतील शाळाशाळांतून लोकमान्यांच्या पुण्यतिथीनिमित्त वक्तृत्व-स्पर्धा होतात. आठ-नऊ वर्षांचा एखादा मुलगा डोक्यावर पुठ्ठ्याची पगडी आणि खांद्यावर उपरणें घेऊन पुढें येतो, अध्यक्ष, गुरुजन व बालमित्र यांस एका दमांत वंदन करतो आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगूं लागतो. भाषण गुरुजींनीं किंवा वडिलांनीं लिहून दिलेलें असतें. हात कोठें उंचवावयाचा, आवाज कोठें चढवावयाचा, मूठ कोणत्या शब्दावर आवळावयाची, हेंही ठरलेलें असतें. मध्येंच एखादा शब्द अडतो, मुलगा आढ्याकडे पाहूं लागतो, तेव्हां समोर बसलेली त्याची आई नुसत्या ओठांच्या हालचालीनें तो शब्द त्यास पुरविते. कारण महिनाभर पाठ करून घेतांना तें सारें भाषण तिचेंही तोंडपाठ झालेलें असतें. टाळ्या पडतात, बक्षीस मिळतें, आणि मुलगा पुढें मोठा वक्ता होणार असें सर्वजण भाकीत करतात.

त्यानंतर पंधरवड्यानें, स्वातंत्र्यदिनाचें झेंडावंदन आटोपलें कीं, पुष्कळ गांवीं ग्रामसभा भरते. त्याच मुलाची आई तेथें मागच्या बाजूस, दाराजवळ, पदर सांवरून बसलेली असते. तिच्या वस्तीवरील नळाला कधीं पाणी येतें, कधीं येत नाहीं, नळ कोठें फुटला आहे, तो शेवटचा कोणीं व केव्हां दुरुस्त केला, हें सर्व सभेंतील कोणाही पुरुषापेक्षां तिला अधिक बिनचूक ठाऊक असतें. पण ती बोलत नाहीं. चार-पांच नेहमीचे बोलके गृहस्थ तासभर एकमेकांची उणींदुणीं काढतात, चहा येतो, सह्या होतात, सभा संपते. आणि इतिवृत्ताच्या वहींत त्या वस्तीचा व त्या नळाचा उल्लेखही नसतो. लेकराला शब्द पुरविणाऱ्या माउलीला स्वतःचे चार शब्द पुरविणारें गांवांत कोणी नाहीं, ही स्थिति आम्हांस नळ फुटण्याहूनही अधिक चिंतेची वाटते.

कायद्याच्या बाजूनें पाहिलें तर तक्रारीस जागा फार थोडी आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यान्वयें महाराष्ट्रांत वर्षांतून निदान चार ग्रामसभा भरविणें बंधनकारक आहे, व नियमित ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी असाही नियम आहे. १९९३ सालीं ७३ वी घटनादुरुस्ति अमलांत आली आणि पंचायतींतील निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या. २०११ सालीं महाराष्ट्रानें तें प्रमाण निम्म्यावर नेलें. म्हणजे खुर्ची मिळाली, सहीचा अधिकार मिळाला, सभाही मिळाली. मिळाला नाहीं तो आवाज. सरपंच बाई खुर्चीवर बसतात आणि त्यांचे यजमान शेजारीं उभे राहून उत्तरें देतात, हा देखावा इतका सर्रास झाला आहे कीं 'सरपंचपति' हा शब्द आमच्या मराठी वर्तमानपत्रांनीं पदवीसारखा रूढ करून टाकला. घटनेनें असें कोणतेंही पद निर्माण केलेलें नाहीं, हें त्या यजमानांस कोणीतरी भर सभेंत एकदां स्पष्ट सांगावयास पाहिजे. आणि तें सांगण्याची पहिली योग्यता खुद्द त्या बाईंची आहे.

बायका बोलत नाहींत याचें कारण निव्वळ भीड आहे असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु भीड आकाशांतून पडत नाहीं. बाई बोलावयास उठली कीं मागून एखादा हंसतो, एखादा वडीलधारा "तुम्ही बसा, आम्ही सांगतों" म्हणून हात खालीं करतो, आणि घरीं गेल्यावर "सभेंत तोंड उघडावयाची काय गरज होती" हा प्रश्न वाट पाहत असतो. हा प्रश्न जुना आहे. पुण्यांत मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठीं भरलेल्या सभेंत रमाबाई रानडे यांनीं इंग्रजी निवेदन वाचून दाखविलें, तेव्हां घरांतील वडील बायकांनीं त्यांस कसे बोल लावले, तें त्यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. पति न्यायाधीश, सुधारकांचे अग्रणी. तरीही घरांतील स्वयंपाकघर सभेपेक्षां अवघड होतें. त्याच रमाबाई पुढें १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. मधल्या वीस वर्षांत त्यांनीं काय केलें असेल तर वारंवार सभेंत उभें राहण्याचा प्रसंग पत्करला. दुसरी कोणतीही गुरुकिल्ली त्यांच्यापाशीं नव्हती.

आमचें म्हणणें असें आहे कीं वक्तृत्वाची विद्या आम्ही चुकीच्या गोष्टीसाठीं शिकवीत आहों. आमच्या स्पर्धांचे परीक्षक उच्चारास गुण देतात, हावभावास देतात, पाठांतरास देतात, पण "या मुलानें श्रोत्यांपाशीं मागितलें काय?" हा प्रश्न गुणपत्रिकेवर नसतो. मागणें नसलेलें भाषण म्हणजे दावा नसलेली फिर्याद. टाळी मिळविण्याची कला आणि ठराव मंजूर करून घेण्याची कला या दोन कला निराळ्या आहेत. पहिलीचें आमच्याकडे अमाप पीक आहे. दुसरीचें बियाणेंच दुर्मिळ होत चाललें आहे.

महाराष्ट्रांतील सार्वजनिक भाषणाचा पाया ज्यांनीं घातला, त्यांना हा भेद पुरता ठाऊक होता. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हां तिच्या सभासदानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुख्यत्यारपत्र आणावें, असा नियम होता. वकिलास वकीलपत्रावांचून न्यायालयांत उभें राहतां येत नाहीं. सार्वजनिक कामांत बोलणाऱ्यासही तें लागूं असावें, हा त्या नियमाचा भावार्थ. "तूं कोणाच्या वतीनें बोलतोस ?" हा प्रश्न आज आमच्या व्यासपीठांवरील शंभरांतील नव्वद वक्त्यांस विचारला, तर ते आपल्या गळ्यांतील हाराकडे पाहतील.

पांच वर्षांनीं, १८७५ सालीं, न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालविणाऱ्या संस्थेचें नांवच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. त्या काळच्या लोकांस वक्तृत्व 'उत्तेजित' करण्याची गरज वाटली ती करमणुकीसाठीं नव्हे. ज्यांच्या हातीं शस्त्र नाहीं, सत्ता नाहीं, त्यांच्या हातीं अर्ज व भाषण हीं दोनच साधनें उरतात, हें ओळखून. आणि जोतिराव फुल्यांनीं तर १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभांत साध्या शेतकऱ्याच्या वेषांत हजर राहून, येथें जडजवाहीर घालून बसलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत अर्धपोटी आहे, तिच्या मुलांस शिक्षण द्या, असें राणीच्या मुलास तोंडावर सुनावलें. त्या भाषणांत अलंकार किती होते याची कोणास आठवण नाहीं. वेष, बोलणारा आणि मागणें या तिहींचा मेळ बसला होता, म्हणून तें लोकांच्या ध्यानांत राहिलें.

आतां कोणी म्हणेल, ही सारी थोरांची उदाहरणें. त्यांस वाणीची देणगी जन्मतःच होती. ही समजूत आमच्या समाजाचें फार नुकसान करीत आहे, म्हणून तिचा समाचार जरा सविस्तर घेणें प्राप्त आहे. १८९१ सालीं एक तरुण बॅरिस्टर विलायतेहून परत आला आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टांत आपला पहिला खटला घेऊन उभा राहिला. अशिलाचें नांव मामीबाई, फी तीस रुपये. प्रतिवादीच्या वतीनें वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करावयाची, एवढेंच काम. बॅरिस्टर साहेब उठले. पाय कांपूं लागले, डोकें गरगरूं लागलें, आणि एकही प्रश्न सुचेना. ते खालीं बसले, फी परत केली, दुसरा वकील पाहा म्हणून सांगितलें, आणि अशील जिंकलें कीं हरलें हेंही न पाहतां कोर्टांतून निघून गेले. ते दुसरे वकील एक्कावन्न रुपयांवर ठरले. पहिल्या वकिलाचें नांव मोहनदास करमचंद गांधी. विलायतेंतही शाकाहारी मंडळाच्या बैठकींत त्यांनीं आपलें म्हणणें कागदावर लिहून नेलें होतें, आणि तें वाचण्यासही जीभ वळेना म्हणून दुसऱ्यानें वाचून दाखविलें. हा सर्व वृत्तान्त त्यांच्याच आत्मकथेंत आहे.

मग दोन वर्षांच्या आंत असें काय घडलें ? १८९३ सालीं प्रिटोरिया येथें हिंदी व्यापाऱ्यांची एक बैठक भरली आणि तींत गांधी बोलले. तें त्यांचें पहिलें सार्वजनिक भाषण. विषय होता व्यापारांतील सचोटी आणि परमुलखांत राहणाऱ्या हिंदी लोकांची जबाबदारी. समोर बसलेल्या माणसांची रोजची अप्रतिष्ठा त्यांनीं स्वतःच्या अंगावर घेतली होती. रेल्वेच्या डब्यांतून त्यांस खालीं ढकलण्यांत आलें त्यास फार दिवस लोटले नव्हते. सांगावयाचें होतें तें पोटांतून आलें होतें, आणि विषयाची तयारी करून ते गेले होते. जीभ तीच, मामीबाईच्या खटल्यांत तिच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं नव्हतें, येथें होतें. आमच्या मतें सभाभीतीवर याहून गुणकारी औषध नाहीं. लोक काय म्हणतील याची काळजी ज्याच्या मनांत आहे तो कांपतो. लोकांपुढें काय ठेवावयाचें आहे याची काळजी ज्याच्या मनांत आहे, तोही पहिलें मिनिटभर कांपतो, पण मग विसरतो.

याच गृहस्थाची आणखी एक हकीकत, कारण ती वेळेसंबंधीं आहे. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्यें दक्षिण आफ्रिकेविषयींचा ठराव मांडण्यास त्यांना पांच मिनिटें मिळालीं. भाषण चालू असतांनाच घंटा वाजली. ती दोन मिनिटें उरल्याची सूचना होती. पण त्यांस तें ठाऊक नव्हतें, म्हणून घंटा ऐकतांच ते मुकाट्यानें खालीं बसले. इतर वक्ते अर्धा-पाऊण तास बोलत होते आणि त्यांच्यासाठीं कोणी घंटा वाजविली नव्हती, याचें त्यांस वाईटही वाटलें. आज आपल्याकडे घंटा वाजवून वाजवून संयोजकांचे हात दुखतात, चिठ्ठ्या जातात, कोणी उपरण्याचें टोक ओढतो, तरी "शेवटचा एकच मुद्दा" असें म्हणत वक्ते आणखी पाऊण तास उभे असतात. ज्याला तीन मिनिटांत सांगतां येत नाहीं त्याला तासांतही सांगतां येत नाहीं, असें नाहीं. पण ज्याला तीन मिनिटांत सांगण्याचा सराव नाहीं, त्याला तास देणें हा श्रोत्यांवर अन्याय आहे.

याचा अर्थ लांब भाषण नेहमींच वाईट असा नव्हे. १९०८ च्या खटल्यांत लोकमान्यांनीं ज्यूरीपुढें स्वतःच्या बचावाचें भाषण सुमारें एकवीस तास केलें. पुठ्ठ्याच्या पगडीखालील मुलास टरफलें ठाऊक असतात. हे एकवीस तास त्यास कोणी सांगत नाहीं. त्या भाषणांत गर्जना नव्हती. राजद्रोहाचें कलम काय म्हणतें, पूर्वींचे निवाडे काय म्हणतात, मूळ मराठी शब्दाचा अर्थ काय आणि सरकारी भाषांतरांत त्याचा विपर्यास कसा झाला, असें एकेक पान उलटत तें गेलें. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन असा प्रतिकूल पडला व सहा वर्षांची शिक्षा झाली हें खरें. पण टिळकांची वाणी ऐकणाऱ्यांनीं तिचें वर्णन करतांना मृदंगाची उपमा दिलेली नाहीं. साधी, रोखठोक, प्रसंगीं रुक्षही, असेंच तिचें वर्णन केलें आहे. अलंकारिक वाणीचे धनी शिवरामपंत परांजपे होते. त्यांचा उपरोध ऐकावयास लोक कोसाकोसांवरून येत. दोघेही देशाच्या कामीं आले. परंतु शिवरामपंतांचें अनुकरण करावयास शिवरामपंतच व्हावें लागतें, आणि टिळकांच्या पद्धतीचें अनुकरण कोणाही मेहनती माणसास थोडेंबहुत साधतें, हें शिक्षकांनीं ध्यानांत ठेवावें.

मेहनतीचा विषय निघाला म्हणून गोपाळराव गोखल्यांचें स्मरण होतें. १९०२ सालच्या मार्चमध्यें वरिष्ठ कायदे कौन्सिलांत अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें. सरकारनें शिलकी अंदाजपत्रक मांडलें होतें व सभासदांनीं अभिनंदन करावें अशी रीत होती. गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे घेऊन दाखविलें कीं ही शिल्लक सुबत्तेची नव्हे. गरजेपेक्षां जास्त कर बसविल्याची आहे, आणि तो भार मिठासारख्या गरिबाच्या जिनसेवर पडतो आहे. पुढील वर्षीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याचें सारें श्रेय एका भाषणास देणें अतिशयोक्तीचें होईल. पण सरकारी बाकांवरून कोणी त्या आंकड्यांस हंसूं शकलें नाहीं, एवढें निश्चित. त्याच गोखल्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १९१२ सालीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें. तीं भाषणें मात्र कौन्सिलाच्या दप्तरीं राहिलीं, आणि पुढें प्रत्येक पिढीनें तीं काढून वाचलीं. २००२ सालीं शिक्षणाचा हक्क घटनेंत मूलभूत हक्क म्हणून दाखल झाला, तोंपर्यंत आणि त्यानंतरही. टाळी हवेंत विरते. दप्तरांत शिरलेलें वाक्य नव्वद वर्षांनींही उपयोगी पडतें.

वकिलीच्या धंद्यांत हा धडा रोज मिळतो. नवा वकील उभा राहिला कीं न्यायाच्या थोरवीपासून आरंभ करतो. न्यायाधीश चष्म्यावरून पाहून एवढेंच विचारतात, "कोणत्या पानावर ?" जुना वकील उभा राहतांच प्रथम मागणें सांगतो, मग त्याचा आधार, मग पानाचा आंकडा, आणि बसतो. आमची शिफारस अशी कीं ग्रामसभेंत बोलूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें हाच क्रम धरावा.

समजा, वर सांगितलेल्या त्या बाई एकदांच्या उठल्या. सवयीनें त्या असें बोलतील : "आम्ही किती दिवस सांगतों आहोंत, आमच्याकडे कोणाचें लक्ष नाहीं, मतांच्या वेळीं सगळे येतात, नंतर कोणी ढुंकून पाहत नाहीं, पाण्याविना आमचे हाल आहेत." यांतील अक्षरन् अक्षर खरें आहे, आणि त्याला "बघूं, करूं" हें उत्तर तयार आहे. तेंच त्यांनीं असें सांगावें : "वरच्या वस्तीची नळवाहिनी दिवाळीपूर्वीं दुरुस्त करावी, असा ठराव मी मांडतें. वस्तींत चाळीस घरें आहेत. मार्चपासून आठवड्यांतून एकदांच पाणी येतें. नळ शाळेमागें व ओढ्यापाशीं असा दोन ठिकाणीं फुटला आहे. ठराव वहींत लिहावा आणि वाचून दाखवावा." बोलण्यास अर्धें मिनिटही लागलें नाहीं. आतां "बघूं, करूं" म्हणतां येत नाहीं. 'हो' म्हणावें लागतें, 'नाहीं' म्हणावें लागतें, किंवा खर्चाचा अंदाज सांगावा लागतो. शेवटचें वाक्य तर कदापि गाळूं नये. जें वहींत नाहीं तें सभेंत बोललेंच गेलें नाहीं, असें पुढच्या प्रत्येक कचेरींत समजलें जातें. शेजारच्या बाईनें लगेच "माझें अनुमोदन आहे" एवढे तीन शब्द उच्चारावे. पुष्कळ स्त्रियांच्या सार्वजनिक भाषणाचा आरंभ या तीन शब्दांनीं व्हावयास हरकत नाहीं.

आवाजासंबंधीं थोडेंसें. ध्वनिक्षेपक आल्यापासून घशाची मेहनत वांचली, पण ओरडण्याची संवय गेली नाहीं. उलट ओरडणें यंत्रानें दसपट झालें. वाक्य संपलें कीं श्वास घ्यावा, वाक्याच्या मध्यें घेऊं नये. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, म्हणून मुद्दाम सावकाश आरंभ करावा. स्वतःला जें फार सावकाश वाटतें तें श्रोत्यांस बेताचें वाटतें. आंकडा सांगितला कीं क्षणभर थांबावें. सर्वांत मागच्या माणसास उद्देशून बोलावें म्हणजे आवाज आपोआप उचलला जातो. भाषण लिहून काढण्यास हरकत नाहीं, पाठ करूं नये. मुद्दे चिठ्ठीवर असावे आणि चिठ्ठी उघडपणें हातांत धरावी, त्यांत कमीपणा नाहीं. आणि आपल्या घरच्या बोलींत बोलावें. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी, जी असेल ती. "तुमचें मराठी अशुद्ध आहे" म्हणून नळाचा प्रश्न टाळणाऱ्या शहाण्यास भर सभेंत विचारावें कीं नळाची दुरुस्ति शुद्ध भाषेंत करावयाची आहे काय.

बोलीचें सामर्थ्य कोणास पाहावयाचें असेल त्यानें गाडगे महाराजांची आठवण करावी. १९५६ सालीं ते गेले, तोंपर्यंत महाराष्ट्रांतील लाखों निरक्षर लोकांनीं त्यांचें कीर्तन ऐकलें होतें. त्यांची पद्धत प्रश्नाची. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढें मुकें जनावर मारावें काय, पोराला शाळेंत घालावें काय, असें ते विचारीत, आणि हजारों माणसें एका तोंडानें उत्तर देत. उत्तर स्वतःच्या तोंडून बाहेर पडलें म्हणजे तें नाकारणें कठीण जातें. उलटतपासणीचें सारें मर्म यांत आलें. तें एका फाटक्या गोधडीच्या फकिराला विनाशिक्षण साधलें होतें.

श्रोते प्रतिकूल असतील तेव्हां काय करावें, याचा वस्तुपाठ १७ डिसेंबर १९४६ रोजीं दिल्लीस मिळाला. घटनासमितींत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीगचे सभासद आले नव्हते. ते येईपर्यंत ठराव तहकूब ठेवावा अशी बॅ. जयकरांची सूचना होती व काँग्रेसचें बहुमत तिच्यावर नाराज होतें. अध्यक्षांनीं अकस्मात् डॉ. आंबेडकरांचें नांव पुकारलें. आपल्या आधीं वीस-बावीस नांवें आहेत, आपली पाळी उद्यां येईल, अशा समजुतीनें ते आले होते. तयारी नव्हती, वेळ दहा मिनिटें. समोरील बहुतेक मंडळी वर्षानुवर्षांचे विरोधक. त्यांनीं काय केलें ? आपण आज राजकीय, सामाजिक व आर्थिक दृष्टीनें फुटलेले आहोंत, आणि अशा भांडणाऱ्या छावण्यांपैकीं एकीचा आपण स्वतःही पुढारी असूं, हें त्यांनीं आधीं कबूल करून टाकलें. आणि लगोलग, असें असूनही हा देश एक होणारच, याविषयीं आपल्या मनांत शंका नाहीं, असें सांगितलें. मग विचारलें तें एवढेंच : ठराव करण्याचा तुम्हांस अधिकार आहे हें ठीक, पण आज तो करणें शहाणपणाचें आहे काय ? विरोधकास चूक ठरविण्याऐवजीं त्याच्या शहाणपणास हांक घातली. सभागृहानें टाळ्या दिल्या, आणि ठराव पुढें ढकलला जाऊन २२ जानेवारी १९४७ रोजीं मंजूर झाला. तयारी नव्हती म्हणणाऱ्या त्या माणसाची तयारी तीस वर्षांच्या अभ्यासाची होती, हें वेगळें सांगावयास नको. पण त्या दिवशींची युक्ति लहान गांवांतही चालण्यासारखी आहे. सरपंचास चोर म्हणून आरंभ केला तर नळ राहतो बाजूला आणि चोरीचीच चर्चा होते.

आमच्या या सूचनेवर एक आक्षेप येईल, तो आतांच निकालांत काढूं. "देशांत बोलणारे आधींच फार झाले आहेत, कामें करा, भाषणें पुरेत." ही तक्रार बहुधा तेच करतात ज्यांचें काम न बोलतां होतें. ज्यास मंत्र्याच्या बंगल्यावर थेट जातां येतें त्यास सभेची गरज नाहीं. सभा ही ज्याला दुसरी ओळख नाहीं त्याचें ठिकाण आहे. बोलके थोडे झाले पाहिजेत हें आम्हांसही मान्य आहे; ते थोडे होण्याचा मार्ग मात्र मुके लोक बोलूं लागणें हाच आहे. तास सारखाच असतो; दहा जण बोलूं लागले कीं एकाच्या वांट्यास सहा मिनिटेंच येतात.

तेव्हां करावयाचें तें असें. शाळांनीं लोकमान्यांच्या पुण्यतिथीची स्पर्धा बंद करूं नये, नियम बदलावे. भाषण तीन मिनिटांचें असावें. विषय गांवांतला असावा : शाळेच्या वाटेवरचा ओढा, बंद पडलेलें ग्रंथालय, बसची वेळ. मुलानें स्वतः जाऊन पाहिलेलें निदान एक माप किंवा आंकडा भाषणांत असावा. भाषण झाल्यावर परीक्षकांनीं दोन प्रश्न विचारावे, आणि श्रोत्यांतील तीन मुलांनीं वक्त्यानें काय मागितलें तें एका वाक्यांत लिहून द्यावें. तिघांचें वाक्य जुळलें तर अर्धे गुण तेथेंच द्यावे. पगडी पाहिजे असेल तर खुशाल घालावी.

आणि ग्रामसभेपूर्वींची स्त्रियांची सभा, जी आज पुष्कळ ठिकाणीं केवळ सह्यांची वही घरोघर फिरवून 'भरते', ती खरोखर भरवावी. तींत प्रत्येक वस्तीनें एकच मागणें निवडावें, मांडणारी व अनुमोदन देणारी अशी दोन नांवें ठरवावीं, आणि दोघींनीं तें निदान चार वेळां मोठ्यानें म्हणून पाहावें. बाकीच्यांनीं सरपंच, सचिव आणि मागून हंसणारा अशीं सोंगें घेऊन आडवे प्रश्न घालावे. पहिल्या वेळीं हंसूं येईल, तिसऱ्या वेळीं येणार नाहीं. गांवच्या शिक्षिकेनें यासाठीं वर्षांतून चार संध्याकाळ दिल्या तरी पुरे. महात्माजींच्या जयंतीस, २ ऑक्टोबर रोजीं, पुष्कळ गांवीं पुढची ग्रामसभा भरते. तिची नोटीस लागण्यापूर्वीं विषय लेखी देऊन त्याची पोंच घ्यावी. सभेच्या आदल्या संध्याकाळीं शाळेची एक खोली उघडी ठेवण्यास मुख्याध्यापकांची हरकत असूं नये. फळा व खडू तेथें आहेच.